क्यूजीआयएस नवख्यांच्या हाती द्यायचंय: पहिला तास कसा असावा?

उंबरठा | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, सल्ला हवाय. थोडी रडही आहे, ती आधी.

आमची छोटी संस्था पाणलोटाची कामं करते. गावं बरीचशी पारनेर-संगमनेर पट्ट्यातली. विहिरी, बंधारे, नालाबांध यांच्या नोंदी आजवर एक्सेलमध्ये, आणि नकाशा म्हणजे ड्रॉइंग शीटवर स्केचपेनने. यंदा ठरलं की गावोगावच्या तीसेक जलसेवकांनी आपापल्या गावाचा नकाशा स्वतः क्यूजीआयएसमध्ये करायचा. त्यांना सुरुवात करून द्यायचं काम माझ्या गळ्यात आलंय. मी कोड लिहिणारा माणूस, मास्तरकी कधी केलेली नाही.

ज्यांनी हे सॉफ्टवेअर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा नकाशे करायच्या सॉफ्टवेअरचा (जीआयएस) मुक्त प्रकल्प. आधी नाव क्वांटम जीआयएस होतं, २०१३ च्या २.० आवृत्तीपासून नुसतं क्यूजीआयएस. उपग्रहचित्र, गावनकाशा, विहिरींचे ठिपके, कंटूर (समान उंचीच्या रेषा) असं एकावर एक रचायचं, यातलं प्रत्येक म्हणजे एक लेयर, आणि त्यावर हिशेब मांडायचे. नगररचनावाल्यांपासून वनखात्यापर्यंत सगळ्यांना पुरेल एवढा ऐवज त्यात आहे, आणि तो उघडल्या उघडल्या अंगावर येतो. वर टूलबारच्या तीन-चार ओळी, डावीकडे दोन पॅनेलं, मध्ये पांढराफटक कागद.

पहिला प्रयत्न म्हणून मी चौदा पडद्यांची ओळखफेरी बनवली. बाण, चौकटी, "हे बटण या कामाचं". सोबत बासष्ट पानांची पीडीएफ. चार जणांवर करून पाहिलं. चौघांनीही "पुढे, पुढे, पुढे" असं दाबत वीस-पंचवीस सेकंदांत फेरी उरकली. पीडीएफ एकानेच उघडली, तीही चुकून. मग एका दादांनी अगदी शांतपणे विचारलं, "हे सगळं ठीक आहे सर, पण यात माझं गाव कुठंय?"

त्या दिवसापासून मी जरा हादरलोय. आता दुसरा प्रयत्न. क्यूजीआयएसमध्ये ३.० पासून वेगवेगळी यूजर प्रोफाइल ठेवता येतात आणि बटणं-मेनू लपवायचीही सोय आहे. म्हणून एक प्रोफाइल केलंय: नऊ बटणं ठेवली, बाकी सगळं गायब. सुरुवातीचा नमुना-प्रोजेक्ट आधीच उघडलेला, खाली ओपनस्ट्रीटमॅप.

तरी प्रश्न आहेतच. काय लपवावं, काय ठेवावं? निर्देशांक पद्धतीची भानगड (पृथ्वीवरची जागा कोणत्या आकड्यांत मांडायची ती) पहिल्याच तासात सांगावी का? आणि मेनू मराठीत असावेत की इंग्रजीतच बरे?


कंटूर | रविवार, रात्री १०.०५

पांढऱ्या कागदापुरतं सांगतो. खाली स्टेटसबारमध्ये को-ऑर्डिनेटची छोटी चौकट असते ना, तिच्यात इंग्रजीत "वर्ल्ड" टाइप करून एन्टर मारा. सगळ्या जगाचा नकाशा कॅनव्हासवर येतो, इंटरनेट नसलं तरी. इतकी वर्षं वापरतोय, मला मागच्या वर्षी कळलं. नवख्याच्या सगळ्यात कामाची गोष्ट आणि ती गंमत म्हणून दडवून ठेवलीय!


काळा_चहा | रविवार, रात्री १०.३१

स्पष्ट बोलतो, राग नसावा. आम्ही जीआयएस शिकलो तेव्हा ना प्रोफाइल होतं ना बाण. मॅन्युअल होतं, ते वाचलं. क्यूजीआयएसचं मॅन्युअल उत्तम आहे, सोबत प्रशिक्षणाचं वेगळं पुस्तकसुद्धा आहे, सरावाच्या डेटासकट. अवघड वस्तू सोपी करून दाखवली की माणसाला ती खरंच सोपी वाटायला लागते आणि मग तो चुकीचे नकाशे ग्रामसभेत लावतो. नऊ बटणांचं क्यूजीआयएस हे क्यूजीआयएस नाही.


चौकट | रविवार, रात्री ११.१२

काळा_चहा, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटतो, पण त्यावरचा उपाय "मॅन्युअल वाचा" हा नाही. मॅन्युअल न वाचणं हा आळस नसतो. माणूस कामासाठी बसलेला असतो, वाचायला नाही.

हे आजचं नाही. जॉन कॅरोल आयबीएमच्या संशोधन केंद्रात होते तेव्हा वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या ऑफिसातल्या लोकांकडे त्यांनी नुसतं बघत बसण्याचं काम केलं. लोक पान उघडून वाचत नाहीत, मध्येच काहीतरी करून बघतात, अडकतात, आणि अडकल्यावर सुटायचं कसं हे पुस्तकात सापडत नाही. मग १९८४ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासोबत एक प्रयोग मांडला. लहान मुलांच्या सायकलला मागे दोन छोटी चाकं लावतात, तसं सॉफ्टवेअर. नवखे हमखास ज्यात फसतात त्या सोयी बंद करून टाकल्या. नव्या लोकांचं पहिलं पत्र त्यामुळे लवकर तयार झालं आणि चुका निस्तरण्यात वेळ कमी गेला.

आता उंबरठा, तुमच्यासाठी यातली बारीक गोष्ट. त्यांनी मेनू लपवले नव्हते. मेनू दिसत होते, निवडले की "ही सोय शिकाऊ आवृत्तीत नाही" एवढाच निरोप यायचा. तुम्ही लपवताय. फरक पुढच्या आठवड्यात कळेल. तुमचा जलसेवक यूट्यूबवर कुणाचा तरी व्हिडिओ लावेल, त्यात मास्तर म्हणतील "व्हेक्टर मेनूत जा", आणि याच्या पडद्यावर व्हेक्टर मेनूच नसेल. त्याला वाटेल आपलं सॉफ्टवेअर बिघडलंय. मी स्वतः एका बँकिंग सॉफ्टवेअरसाठी असा "सोपा मोड" केला होता. हेल्पलाइनवर सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न होता, "बाकीची बटणं कुठे गेली?"

टूलबार खुशाल कमी करा. मेनूला हात लावू नका.


उंबरठा | रविवार, रात्री ११.३०

हे डोक्यातच आलं नव्हतं. मेनू परत आणतो. आजच.


निंबोणी | सोमवार, सकाळी ७.१५

मी या दुनियेतली, म्हणजे शिकणाऱ्यांतली. पारनेर तालुक्यातलीच आहे, पण दुसऱ्या संस्थेकडून दोन वर्षांपूर्वी शिकले. माझा किस्सा सांगते.

आमच्या गावातल्या बावीस विहिरी मी मोबाईलवर टिपून आणल्या होत्या. एक्सेलमध्ये कॉलम मराठीत: अक्षांश, रेखांश. फाइल सीएसव्ही करून क्यूजीआयएसमध्ये घातली. तिथं खिडकीत पहिली चौकट एक्सची, दुसरी वायची. आपण बोलताना कायम "अक्षांश-रेखांश" असंच म्हणतो ना? मग एक्समध्ये अक्षांश, वायमध्ये रेखांश. ओके. काहीच दिसेना. लेयरवर राइट क्लिक करून "झूम टू लेयर" केलं तर चहूकडे निळं पाणी आणि मधोमध एक बेट. माझ्या बावीस विहिरी त्या बेटावर.

आमचं पारनेर १९ अंश उत्तर, ७४.४४ पूर्व. उलटं केलं की ७४.४४ उत्तर आणि १९ पूर्व. तिथं नॉर्वेचं बेअर आयलंड आहे, थेट त्याच जागी! नॉर्वेच्या पार वर, बर्फाच्या समुद्रात. हवामान केंद्र आहे तिथं. विहीर एकही नसावी.

सर खूप हसले, मग मीही. पण त्या दिवसानंतर एक्स म्हणजे रेखांश हे मी जन्मात विसरणार नाही. कॉलमची नावं इंग्रजीत "लॅट", "लाँग" असती तर सॉफ्टवेअरने आपणहून बरोबर ओळखलं असतं म्हणे. बरं झालं नव्हती. उंबरठा सर, तुमच्या त्या प्रोफाइलमध्ये हे सगळं आपोआप नीट होणार असेल तर ते बेट कुणाला दिसणारच नाही.


कंटूर | सोमवार, सकाळी ८.०२

बेअर आयलंड! सकाळी सकाळी नकाशा उघडून पाहिलं, खरंच आहे. संगमनेरवाल्यांनो तुम्ही मात्र बुडालात, तुमचे ठिपके बेटाच्या दक्षिणेला समुद्रात पडतात.


साखळीवाला | सोमवार, सकाळी ११.२०

नमस्कार. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून उमेदवारी सुरू केली, आता निवृत्त आहे. नातवाने हा धागा दाखवला.

आपण ज्याला पहिला तास म्हणता, तो आमच्या वेळी पहिला महिना असे. नव्या मुलाला फलकयंत्राला (शेतात नकाशा काढायची तिपाईवरची फळी) हात लावू देत नसत. आधी शंकू साखळी ओढायची. ही साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. महिनाभर साखळी ओढल्यावर गुंठा डोळ्यांनी ओळखू येई. पुढे कागदावर कोणी चुकीचे क्षेत्र लिहिले तर शेताकडे पाहूनच ते खटके.

नातवाने मला हे सॉफ्टवेअर लावून दिले. आमच्याच शेताची हद्द चित्रावरून काढली, बरोबर एकराचा तुकडा. मग क्षेत्रफळ काढले. उत्तर आले ०.००००००३५. मी म्हटले, हे काय आणे-पैचे गणित आहे? नंतर कळले की ते चौरस अंशांत होते. लेयर अक्षांश-रेखांशात आणि मी सूत्र दिले ते भूमितीचे सरळ क्षेत्रफळ देणारे. डॉलरचे चिन्ह लावलेले दुसरे सूत्र आहे, ते पृथ्वीचा गोलवा धरून चौरस मीटर देते. नावे जवळजवळ सारखी, उत्तरे जमीन-अस्मानाची.

हे उत्तर इतके वेडगळ होते म्हणून मला शंका आली. वेडगळ नसते तर? ताईंच्या विहिरी बेटावर गेल्या, त्याची मला चिंता नाही, ते आंधळ्यालाही दिसेल. ज्या चुका आपण होऊन ओरडतात त्या शिकणाऱ्याला करू द्याव्यात. ज्या गप्प बसतात, त्या मात्र सॉफ्टवेअरनेच अडवाव्यात. आमच्याकडे मोजणीतली मुकी चूक दोन पिढ्यांनी कोर्टात बोलायची.


चौकट | सोमवार, दुपारी १२.४५

काका, हे मी ऑफिसच्या भिंतीवर लावणार. मी काल सरसकट "चुका अडवा" म्हणत होते. निंबोणीचं बेट आणि तुमचं क्षेत्रफळ या दोन वेगळ्या जाती आहेत, हे मान्य.


वैनगंगा | सोमवार, दुपारी २.१०

मुक्या चुकीचं उदाहरण हवं असेल तर नमुना-प्रोजेक्टमधूनच देतो. उंबरठा, तुम्ही त्यात यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची निर्देशांक पद्धत) ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी या यादीतला क्रमांक ३२६४३ घातलं असणार. बरोबर? नगरला ते चालतं. ४३ वा पट्टा ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा. आम्ही ७८ च्या पलीकडचे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली सगळे ४४ मध्ये. यवतमाळ जिल्हा तर मधोमध चिरला जातो.

आमच्याकडे पश्चिम महाराष्ट्रातून आलेला एक तयार नमुना सगळ्यांनी डोळे झाकून वापरला. नकाशा सुरेख दिसतो, काही ओरडत नाही. पण नागपूरजवळ त्या पट्ट्यात सपाट क्षेत्रफळ काढलं तर एकरामागे साधारण दीडशे चौरस फूट जास्त भरतात. विहिरींच्या नकाशाला काही फरक पडत नाही, मान्य. भरपाईच्या यादीला पडतो.

म्हणून निर्देशांक पद्धत पहिल्या तासात शिकवू नका, पण निवडीचं ओझंही त्याच्यावर टाकू नका. पहिला प्रश्न "तुमचा तालुका कोणता?" एवढाच असावा. पट्टा मागे आपोआप ठरू दे.


उंबरठा | सोमवार, दुपारी ३.३०

"तुमचा तालुका कोणता?" हे फारच आवडलं. एक छोटी स्क्रिप्ट लिहितो. तालुका निवडला की पट्टा लागेल आणि कॅनव्हास थेट त्याच्या तालुक्यावर उघडेल. त्या दादांच्या "माझं गाव कुठंय"चंही उत्तर त्यात येतं.

आणि बफर, म्हणजे विहिरीभोवती ठरावीक अंतराचा घेर? तोही ओरडणारा की मुका? ५०० मीटरचा बफर द्यायचा म्हणून लोक ५०० लिहितात आणि लेयर अंशांत असला तर ५०० अंश होतात.


कंटूर | सोमवार, दुपारी ३.५२

तो किंचाळतो. अख्खी पृथ्वी एका रंगाने झाकली जाते. शिवाय ३ च्या आवृत्त्यांत आकड्याशेजारी "डिग्रीज" असं लिहिलेलं असतं आणि पिवळा त्रिकोण येतो. होऊ द्या.


काळा_चहा | सोमवार, संध्याकाळी ५.१५

पिवळा त्रिकोण कोणी बघत नाही. हे मी मॅन्युअल वाचणारा माणूस सांगतोय.


परसदार | सोमवार, संध्याकाळी ६.४०

भाषेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी प्रौढ शिक्षणात काम केलंय, जीआयएस येत नाही.

शुद्ध मराठीचा हट्ट धरू नका, पण इंग्रजीच्या नावाने हातही झटकू नका. आमच्या वर्गात बायका "सेव्ह", "डिलीट", "फोल्डर" बिनदिक्कत म्हणायच्या. त्यांना "संचयिका" म्हटलं असतं तर पळाल्या असत्या. अडायचं ते वाक्यापाशी. चुकीचा निरोप इंग्रजी वाक्यात आला की चेहरा पडायचा. म्हणजे बटण इंग्रजी असलं तरी चालतं, चित्र म्हणून लक्षात राहतं. पण जिथं माणूस अडकतो तिथलं वाक्य त्याच्या भाषेत हवं, आणि त्यात "पुढे काय करायचं" हे हवं. नुसतं "अवैध निविष्टी" नको, बाई गं!


निंबोणी | सोमवार, संध्याकाळी ७.०५

परसदार ताई, एकदम बरोबर. आम्ही "लेयर"च म्हणतो. कुणीतरी "स्तर" शिकवलं होतं, दुसऱ्या दिवशी सगळे विसरले. आणि बटणं मराठीत केली तर यूट्यूबवरचं काहीच जुळत नाही, चौकट ताई म्हणाल्या तसंच.


डेलावेअरकर | सोमवार, रात्री ९.२०

इथून एक वेगळं उदाहरण. विम नावाचा एडिटर आहे, प्रोग्रॅमरांचा. त्यातून बाहेर कसं पडायचं हाच जगप्रसिद्ध प्रश्न. २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने लिहिलं होतं की त्या एका प्रश्नाला दहा लाखांवर लोक भेट देऊन गेले. पण त्याच विमसोबत "विमट्यूटर" येतो आणि तो माझ्या मते नवख्यांसाठी बनवलेल्या उत्तम गोष्टींपैकी एक आहे. साधी मजकुराची फाइल. "ही ओळ चुकलीय, दुरुस्त करा" असं त्या ओळीतच लिहिलेलं. तुम्ही धडा वाचत नाही, धडाच खोडता. आणि तुमच्यासाठी दरवेळी नवी प्रत उघडते, त्यामुळे कितीही नासधूस करा. अर्ध्या तासाचं काम.

क्यूजीआयएसमध्ये हे का नाही करत? एक प्रोजेक्ट, त्यात मुद्दाम चुकवलेलं गाव. विहिरी बेअर आयलंडवर. एका बांधाची रेघ ओढ्याच्या पलीकडे गेलेली. नकाशावरच लेबल: "मला माझ्या गावी न्या."


साखळीवाला | सोमवार, रात्री ९.४५

मुद्दाम चुकवलेले गाव! आम्हाला जुन्या टिपणांवरून असाच सराव देत. चूक कोठे आहे हे सांगत नसत, आहे एवढेच सांगत.


टपाली | मंगळवार, सकाळी १०.३०

तुम्ही सगळे पहिल्या तासाबद्दल बोलताय. माझ्या अनुभवात लोक गळतात ते दुसऱ्या दिवशी, नकाशा दुसऱ्याला पाठवताना.

वर्डची सवय अशी की फाइल सेव्ह केली म्हणजे सगळं तिच्यात. क्यूजीआयएसची प्रोजेक्ट फाइल म्हणजे नुसती यादी, अमुक लेयर तमुक फोल्डरमध्ये आहे, त्याला हा रंग द्या. डेटा बाहेरच. मग ताई नकाशा सेव्ह करतात, ती .क्यूजीझेड व्हॉट्सअ‍ॅपवर साहेबांना पाठवतात, साहेब उघडतात आणि त्यांना न सापडलेल्या लेयर्सची लाल यादी दिसते. ताईंच्या कॉम्प्युटरवर सगळं उत्तम असतं, त्यामुळे त्यांना साहेबच खोटं बोलतायत असं वाटतं.

शेपफाइल या लेयर साठवायच्या जुन्या प्रकाराचं त्याहून वाईट. एका लेयरच्या तीन-चार फाइली. पोरं फक्त .एसएचपी पाठवतात. शिवाय कॉलमचं नाव दहा बाइटांत बसवायचं. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे "विहिरीची खोली"चं "विह" उरतं. मी स्वतः अशी अर्धवट नावांचे कॉलम असलेली फाइल आठवडाभर वापरलीय, माझीच होती.

त्याऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारात द्या. एकच फाइल, नावाची लांबी सुटली, आणि प्रोजेक्टसुद्धा त्याच फाइलच्या पोटात ठेवता येतो. तुमच्या नमुन्यात शेपफाइलचं दर्शनच नको.


उंबरठा | मंगळवार, दुपारी १.१५

टपाली, हे मी यादीत पहिल्या नंबरवर घेतोय. आमची सगळी देवाणघेवाण व्हॉट्सअ‍ॅपवरच चालते. शनिवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सहा जण बसवतोय. बघू.


उंबरठा | शनिवार, रात्री १०.५०

अहवाल. लांबलाय, सांभाळून घ्या.

सहा जण, चार लॅपटॉप, एक एक्स्टेंशन बोर्ड. ओळखफेरी काढून टाकलेली. उघडल्यावर एकच प्रश्न: तालुका. पारनेर निवडलं की नकाशा तालुक्यावर जाऊन थांबतो. इथं एक मजा झाली. मी पुढची सूचना द्यायला तोंड उघडलं, पण सहाही जण माउसचं चाक फिरवत आपापलं गाव, मग वस्ती, मग घर शोधायला लागलेले. दहा मिनिटं हॉलमध्ये नुसतं "हे बघ आमचं मंदिर", "हा ओढा इकडून नाही रे जात". मी गप्प बसलो. झूम करणं, नकाशा सरकवणं या दोन्हींचे माझे धडे त्यातच संपले. बासष्टपैकी पहिली अकरा पानं.

मग चुकवलेलं गाव. विहिरी बेअर आयलंडवर. एक ताई चाळीस सेकंदांत म्हणाल्या, "उलटं झालंय." त्या बारावी सायन्स आहेत म्हणे. त्याच्या उलट एक दादा वीस मिनिटं अडकले, कारण त्यांना लेयर काढून परत घालायचा असतो हेच सुचेना. त्यांनी एकेक विहीर पेन्सिलच्या बटणाने धरून नॉर्वेवरून पारनेरला ओढत आणायला सुरुवात केली. तीन विहिरी आणल्यासुद्धा! मी अडवलं नाही. चौथीला त्यांनी स्वतःच मान वर केली आणि विचारलं, "सर, याला दुसरा रस्ता असेलच ना?" तोपर्यंत मी एक्स-वाय समजावलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

फसलं काय? परसदार ताई, तुमचं ऐकून अडचणीच्या निरोपांची मराठी वाक्यं केली होती, पण ती वर पट्टीत येतात आणि थोड्या सेकंदांत जातात. वाचेपर्यंत गायब. वेळ वाढवलाय. दुसरं, दोघांचं लेयर्स पॅनेल चुकून बंद झालं आणि मग ते रिकाम्या नकाशाकडे बघत बसले, विचारायलाही लाजले. कंट्रोल-टॅबने सगळी पॅनेलं एका फटक्यात जातात-येतात, तेच झालं असावं. आता टूलबारवर दहावं बटण येणार आहे: "सगळं जागेवर आणा". तिसरं, तात्पुरता लेयर. एकाने तासभर बांध काढले ते तात्पुरत्या लेयरवर. बंद करताना सॉफ्टवेअरने विचारलं होतं, त्याने "हो" दाबलं. त्या लेयरची वाटच बंद करतोय. काका म्हणतात ती मुकी जात हीच.

क्षेत्रफळासाठी काकांचा सल्ला पाळला. नमुन्यात गुंठ्याचं उत्तर देणारा कॉलम आधीच बांधून ठेवला, गोलवा धरून काढणाऱ्या सूत्राने. सूत्र कुणाला दिसतही नाही. पण उत्तराशेजारी सातबाऱ्यावरचा आकडा लिहायची रिकामी जागा ठेवलीय, म्हणजे दोन्ही शेजारी दिसतील.

नकाशा छापून किती जणांनी घरी नेला? चौघांनी. दोघांची पीडीएफ निघाली, पण "ग्रामपंचायत"मधला "ग्रा" फुटला.


कंटूर | शनिवार, रात्री ११.१०

पीडीएफ काढताना टेक्स्टच्या पर्यायात "पाथ" ठेवा. "टेक्स्ट ऑब्जेक्ट" केलं की जोडाक्षरं दगा देतात. नमुन्यात आधीच लावून टाका.


काळा_चहा | शनिवार, रात्री ११.२५

विहिरी ओढत आणणाऱ्या दादांना माझा नमस्कार सांगा. मी सुरुवातीला असंच काहीतरी केलं होतं, मॅन्युअल वाचायच्या आधी. बाकी वाद नंतर घालू.


साखळीवाला | रविवार, सकाळी ८.३०

उत्तम झाले. सातबाऱ्याचा आकडा शेजारी ठेवला हे विशेष आवडले. तो मात्र हेक्टर-आरमध्ये असतो, गुंठ्यांशी ताडताना घोळ होईल. उत्तर दोन्ही मापांत दाखवावे.

मलाही आपले ते प्रोफाइल वापरून पाहायचे आहे. नातू हॉस्टेलला परत गेला. आपण ग्रुपवर टाकलेली झिप फाइल उतरवली, उघडलीही. आत बारा-पंधरा फोल्डर दिसत आहेत. आता ही कोठे ठेवायची?


उंबरठा | रविवार, सकाळी ८.४१

काका... ते पान मी लिहिलेलंच नाही.

सेटिंग्ज मेनू, यूजर प्रोफाइल्स, त्यात "ओपन अ‍ॅक्टिव्ह प्रोफाइल फोल्डर". एक फोल्डर उघडेल. त्याच्या एक पायरी वर जायचं आणि... थांबा, फोनच करतो. नंबर निरोपात पाठवा.